बोर्नव्हिटाच्या डब्यातला थर्मोस्टॅट

आमच्या घरात विसरभोळ्या माणसाला 'बाळू' म्हणतात. गॅस बंद करायचा राहिला, बाळू. बँकेत गेलात आणि पासबुक घरीच, बाळू. माझ्या मुलीला कितीतरी वर्षं तो मराठीतला नेहमीचा शब्दच वाटत होता. कॉलेजात मैत्रिणींसमोर वापरला आणि कुणाला काही कळेना, तेव्हा घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, हा बाळू कोण?"

बाळू म्हणजे आण्णामामाच्या ट्रकवरचा क्लीनर. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: १९८४ च्या मे महिन्यात मुंबईहून परत येताना बाळू खोपोलीला रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरला, गाडी खंडाळ्याच्या घाटात तापली, इंजिनचं हेड तडकलं, आणि त्या एका विसरण्यापायी मामाचा धंदा दोन वर्षं मागे गेला. लग्नाकार्यात, बारशाला, तेराव्याला, जिथे जिथे आम्ही मामेभाऊ-आतेभाऊ जमतो तिथे ही गोष्ट निघतेच. सगळे हसतात. मीही हसत आलो आहे.

हे सगळं आज लिहायला निमित्त झालं ते एका डब्याचं. गेल्या वर्षी मामाच्या घरामागची पत्र्याची शेड पाडायची ठरली म्हणून मी कराडला गेलो होतो. मामा २००९ मध्ये गेला. शेडमध्ये त्याच्या गाडीचं काय काय पडलं होतं. जुने ब्रेक लायनर, फॅन बेल्ट, पाने, गंजलेला जॅक. फळीवर बोर्नव्हिटाचा एक डबा होता. त्यात नटबोल्ट, वायसर, आणि ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पितळेची एक वस्तू. मुठीत मावेल एवढी. वर एक चकती, मध्ये स्प्रिंग, खाली आणखी एक लहान चकती, आणि कडेला कोरलेला आकडा, ८२.

मामेभावाने सांगितलं, "थर्मोस्टॅट आहे. बाबांनी काढून टाकला होता. भंगारात घाल."

मी तो खिशात घातला. का घातला ते सांगता येणार नाही. पण पुण्याला परत येईपर्यंत डोक्यात तेच होतं. चांगली वस्तू असल्याशिवाय मामा ग्रीस लावून बांधून ठेवणाऱ्यातला नव्हता.

आता थोडा इतिहास. कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण बाळूचा न्याय त्यातच आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना थर्मोस्टॅट नव्हता. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी जवळजवळ वीस वर्षं निघाली, दीड कोटींच्या घरात गाड्या विकल्या गेल्या, आणि अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर तिच्यात पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. इंजिनातलं तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरच्या वरच्या अंगाला जायचं, तिथे निवून जड व्हायचं आणि खालून परत इंजिनात यायचं. पाणी स्वतःच्याच उष्णतेने फिरायचं. इंजिन गार असताना फिरायचं नाही, तापलं की आपोआप फिरायला लागायचं. साधी, गरिबाची सोय. पण इंजिनं मोठी झाली, ओझी वाढली, तेव्हा ही संथ चाल पुरेना आणि पंप आला.

पंपाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा आणून ठेवला. पंप इंजिनला जोडलेला. इंजिन फिरलं की पंप फिरणार, पाणी गरम असो की गार. थंडीच्या सकाळी इंजिन तापायच्या आधीच पंप सगळं पाणी रेडिएटरमधून फिरवून गार करून आणायचा. इंजिन बिचारं तासभर कुडकुडत राहायचं. मग लोक रेडिएटरवर घोंगडी टाकायचे, चामड्याचा पडदा लावायचे, पुठ्ठा अडकवायचे. १९१२ च्या सुमाराला अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचं एक उपकरण निघालं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला तापमापक, चालवणाऱ्याला समोर काचेतून दिसेल असा. तो बघायचा आणि घोंगडी वरखाली करायची. म्हणजे ड्रायव्हर हाच थर्मोस्टॅट.

हे काम यंत्राकडे द्यायची कल्पना १९१४ मध्ये कॅडिलॅकच्या नव्या आठ सिलिंडरच्या गाडीत आली. पाणी ठराविक तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद, तापलं की उघडी. या दारामागे जी वस्तू असे ती बनवणाऱ्याची गोष्ट मला फार आवडली. वेस्टन फुल्टन हा अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलला हवामान खात्यात नोकरीला होता. आपल्या उपकरणांसाठी त्याने धातूची, सांधा नसलेली, बाजाच्या भात्यासारखी घड्या असलेली एक डबी तयार केली. तिला त्याने सिल्फॉन म्हटलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिचा कारखाना काढला. या डबीत लवकर उकळणारा द्रव भरून ती बंद केली की गरम पाण्यात तिचा भाता फुगतो, गार पाण्यात आकसतो. त्या भात्याला झडप जोडली की झाला थर्मोस्टॅट. पाऊसपाणी मोजणाऱ्या माणसाची डबी अशी इंजिनात जाऊन बसली.

या भात्याला एक खोड होती. पुढे रेडिएटरला दाबाची झाकणं आली. आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. पाण्यावर दाब ठेवला की ते उशिरा उकळतं. झाकणाने अर्धा बार दाब धरला तर ११० अंशांच्या आसपास. पण बाहेरून दाब आला की फुल्टनचा भाता दबायचा आणि उशिरा उघडायचा. यावर उत्तर मिळालं सर्जियस व्हर्ने याच्याकडून, १९३० च्या दशकात. त्याने द्रवाऐवजी मेण घेतलं. मेण वितळताना फुगतं, आणि ते फुगणं इतकं जोरकस असतं की बाहेरच्या दाबाला दाद देत नाही. पितळेच्या लहानशा कुपीत मेण भरायचं, उष्णता लवकर आत पोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळायची, वर रबर आणि त्यात एक दांडी. मेण वितळलं की दांडी सरकते आणि झडप उघडते. मेण गोठलं की स्प्रिंग झडप मागे ओढते. कुठलं मेण घ्यायचं यावर किती अंशांला उघडायचं ते ठरतं. बोर्नव्हिटाच्या डब्यातली वस्तू ती हीच. ८२ म्हणजे ८२ अंश.

इथे कुणीही विचारील की एवढी यातायात कशाला? इंजिन जितकं गार तितकं बरं ना? आपल्याकडे तर हे सर्रास ऐकू यायचं. टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि त्या काळात आपल्या रस्त्यांवर आलेल्या डिझेल इंजिनांचा आराखडा जर्मनीतला होता. त्यामुळे मिस्त्री लोकांचं म्हणणं पक्कं: थर्मोस्टॅट हे बर्फाच्या देशातलं लचांड आहे, आपल्या उन्हात त्याचं काय काम?

काम आहे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात सी. जी. विल्यम्स यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्ससाठी सिलिंडर का झिजतात याचा अभ्यास केला. तोवर सगळ्यांचा समज असा की झीज होते ती घासण्याने, आणि जास्त तापलं तर जास्त. त्यांना दिसलं की सिलिंडरची भिंत गार असताना झीज झपाट्याने वाढते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती गार भिंतीवर दवासारखी धरते, आणि जळालेले वायू त्यात विरघळून आम्ल होतं. ते लोखंड खातं. डिझेलमध्ये गंधक असेल तर गंधकाचं आम्ल. आपल्या डिझेलमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून ते लाखात एक भाग इतकं कमी झालं, म्हणजे हजारपटीने. मामाच्या काळातल्या इंजिनला गार राहणं हे तापण्याइतकंच महाग होतं, फक्त त्याचं बिल उशिरा यायचं.

तर असा हा थर्मोस्टॅट. पुण्याला आल्यावर एका रविवारी मी तो स्वच्छ केला, दोऱ्याला बांधून पातेल्यात पाण्यात लोंबता सोडला, तळाला टेकू दिला नाही, आणि शेजारी दुधाचा थर्मामीटर धरला. बायको म्हणाली, "आज भाजीला हे का?"

साठ, सत्तर, काही नाही. ऐंशीलाही गप्प. त्र्याऐंशीच्या आसपास वरच्या चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. मग ती हळूहळू रुंद होत गेली. पंचाण्णवला चांगलं बोटाच्या पेराएवढं उघडं दार. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं, तोवर तर पूर्ण उघडलं होतं. गॅस बंद करून मी बसून राहिलो. दार लगेच मिटलं नाही. उघडायला सुरुवात झाली होती त्र्याऐंशीला, पण पूर्ण मिटलं ते अठ्ठ्याहत्तरच्याही खाली गेल्यावर. मेण वितळायला वेळ घेतं तसं गोठायलाही घेतं.

चाळीस वर्षं डब्यात पडलेला थर्मोस्टॅट अगदी ठणठणीत होता. मामाने काढला तेव्हाही तो चांगलाच होता.

मग काढला का? हे मला आठवत होतं, कारण १९८३ च्या दिवाळीत मी कराडला होतो. पहाटे गाडी सुरू केली की टेंपरेचरचा काटा चढायचा, चढायचा, नेहमीच्या जागेच्या जरा वर जायचा, आणि मग एकदम खाली पडायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा पडायचा. असं तीन-चार वेळा. मामाचा जीव वरखाली व्हायचा. आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, "अहो, थंडीत जुन्या गाडीत तसंच व्हायचं! काही बिघडलेलं नसायचं."

त्यांनी समजावलं ते असं. पहाटे इंजिनातलं पाणी तापतं, पण दार बंद असल्यामुळे रेडिएटरमधलं पाणी रात्रीसारखंच गार. बादलीभर गार पाणी तिकडे थांबलेलं. इकडे ब्याऐंशी अंश झाले तरी मेण वितळायला थोडा वेळ घेतं, तोवर काटा वर जातो. मग दार उघडतं आणि ते गार पाणी एकदम इंजिनात घुसतं. काटा पडतो. गार पाणी लागलं की दार मिटतं, पण तेही सवडीने, तोवर जरा जास्तच गार पाणी आत आलेलं असतं. पुन्हा तापतं, पुन्हा उघडतं. दर खेपेला रेडिएटर थोडा थोडा कोमट होत जातो, झोके लहान होतात, आणि तीन-चार हेलकाव्यांनंतर दार अर्धवट उघडं राहून काटा एका जागी स्थिरावतो. पातेल्यात मी जे बघितलं, उशिरा उघडणं आणि उशिरा मिटणं, तेच इंजिनात चालायचं. काटा हलत होता याचा अर्थ थर्मोस्टॅट काम करत होता.

हे मामाला कुणी सांगितलं नाही. गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, "वॉल अडकतोय. काढून टाका, कटकट नको." ते गॅरेज कुठलं आणि मिस्त्री कोण, याला आज अर्थ नाही. सगळेच तसं म्हणायचे आणि त्या भीतीत तथ्यही होतं. मेणाची कुपी कधी फुटली तर दार बंदच राहतं, आणि बंद दाराने इंजिन खरोखर जळतं. ज्याने एकदा तसं पाहिलंय तो प्रत्येक हलणाऱ्या काट्याला घाबरणारच. थर्मोस्टॅट निघाला. त्यानंतर काटा सगळी थंडी खालच्या अंगाला गुपचूप पडून राहिला आणि मामा खूष झाला.

आता ती खालची लहान चकती. मला वाटलं होतं की ती नुसती आधाराला असेल. काकांनी वस्तू हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ही दोन दारांची आहे. हिला काढली असेल तर गाडी घाटात तापणारच."

"काढल्यावर तापेल? वाट तर मोकळी झाली ना?"

"एक वाट मोकळी झाली. दुसरी बंद करायची राहिली."

गोष्ट अशी आहे. थर्मोस्टॅटचं वरचं दार बंद असताना पंप पाणी फिरवतच असतो. ते पाणी कुठेतरी जायला हवं, नाहीतर इंजिनात एके ठिकाणी साचून तिथेच उकळायला लागेल. म्हणून एक आडवाट ठेवलेली असते. पाणी इंजिनातून निघून रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परत येतं. इंजिन तापलं की वरचं दार उघडतं आणि त्याच दांडीवरची खालची चकती जाऊन या आडवाटेचं तोंड बंद करते. मग सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. थर्मोस्टॅट काढला की रेडिएटरची वाट उघडी आणि आडवाटही उघडी. पाणी सोप्या वाटेने जातं. आडवाट आखूड, रुंद, बिनअडथळ्याची. रेडिएटरच्या नळ्या बारीक आणि मामाच्या गाडीत विहिरीच्या क्षाराच्या पाण्याने आणखी बारीक झालेल्या. म्हणजे पाण्याचा बराच भाग गार न होता गरमचा गरम परत इंजिनात. सपाटीवर, थंडीत, रिकाम्या गाडीला हे खपून जातं. उलट गाडी गारच राहते आणि वाटतं, किती छान. चढावर, मे महिन्यात, भरल्या गाडीला खपत नाही.

म्हणजे तो काटा जो खाली पडून होता तोही फसवत होता, आणि जो घाटात चढला त्याचं कारण सहा महिन्यांपूर्वी डब्यात ठेवलेलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मे १९८४. मी बारा वर्षांचा, सुट्टीत मामाच्या मागे लागून गाडीवर गेलेलो. जाताना गूळ होता, येताना कर्नाक बंदरहून लोखंडी सळ्या भरल्या. खोपोलीला सकाळी साडेदहाच्या सुमाराला थांबलो. मामा चहा प्यायला गेला. बाळूने बॉनेट उघडलं, झाकण काढलं, आणि मला म्हणाला, "छोटे मालक, डबा आणा." तिथल्या हौदातून मी डबा भरून आणला. पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा, वर तारेची कडी. बाळूने तो ओतला. "आणखी एक." दुसरा आणला. तो अर्धा ओतल्यावर पाणी तोंडाशी आलं आणि बाहेर सांडलं, माझ्या चपलेवर. उरलेलं त्याने काचेवर मारलं. झाकण दाबून बसवलं. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. माझ्या हातांनी झालं.

बोरघाटाचा हा गाडीरस्ता १८३० चा. तेव्हा बैलगाड्यांसाठी काढलेला, आणि चढ तेच. द्रुतगती मार्ग व्हायला अजून बरीच वर्षं होती. मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक याच नागमोडी रस्त्याने. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चार-पाचशे मीटर उंची चढायची, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. इंजिन पूर्ण जोर लावतंय आणि समोरून वारा नाही. शिंग्रोबाच्या देवळाशी मामाने रिवाजाप्रमाणे नाणं टाकलं. म्हणतात की घाटातली वाट साहेबाला दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याला जीव गमवावा लागला. वाट दाखवणाऱ्याचं काय होतं याची ती गोष्ट मला त्या दिवशी नुसतीच गोष्ट वाटली होती.

देवळाच्या पुढे दोन वळणांवर काटा लाल रंगात गेला. पुढे गाड्यांची रांग होती, थांबायला जागा नव्हती. मामा रेटत राहिला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. गाडी कशीबशी कडेला घेतली, बाळूने उडी मारून चाकामागे दगड लावला. मामा ओरडला, "झाकण काढ!" बाळू थांबा म्हणत होता, पण मालकापुढे त्याचं काय चालणार. त्याने ओलं पोतं घेऊन झाकण फिरवलं आणि ते सुटलं. पाणी पुरुषभर उंच उडालं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. वाफ विरल्यावर मामाने आत बघितलं तर रेडिएटर अर्धा रिकामा. उकळून बाहेर गेलं होतं, दुसरं काय. पण मामाला दिसला तो रिकामा रेडिएटर. त्याने कॅनमधलं गार पाणी घेतलं आणि तापलेल्या इंजिनमध्ये स्वतः ओतलं. आतून टक् असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तापलेल्या बिडाला गार पाणी लागलं की ते तडकतं, हेही मला फार उशिरा कळलं.

"खोपोलीला पाणी भरलंस का?" मामाने विचारलं.

"भरलं मालक. दोन डबं. शिंग्रोबाची आन."

"खोटं बोलतोस?"

बाळूने माझ्याकडे बघितलं. मामानेही बघितलं.

मी काहीच बोललो नाही. मामाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. गाडीवर कर्ज होतं, हप्ते होते, आणि मला वाटलं की मी हो म्हटलं तर दोष माझ्यावर किंवा मामावर येईल. बारा वर्षांच्या पोराचा हिशेब. मी खाली बघितलं. मामाने त्याचा अर्थ हवा तो घेतला.

बाळूला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. महिन्याचा पगार इंजिनकामात कापून घेतला. हेड बदललं, रिंगा-पिस्टन केले. बोअरसुद्धा झिजलेलं निघालं, सगळी थंडी गार इंजिन चालवल्याचा त्यातही हात असणार. दोन महिने गाडी उभी राहिली. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने नवा थर्मोस्टॅट बसवला. मामेभावाला हे आठवतं. त्यानंतर गाडी घाटात कधी तापली नाही. मामाला तेव्हा काही कळलं असेल का? जुना थर्मोस्टॅट ग्रीस लावून बांधून ठेवण्याइतकं तरी कळलं असावं, असं मला आता वाटतं. पण तोवर गोष्ट घरात रुजली होती, आणि बाळू हा शब्द झाला होता. मामा वाईट माणूस नव्हता. माझ्या कॉलेजची पहिली फी त्याने भरली होती. हे लिहिताना म्हणूनच हात अडखळतो.

दिवाळीनंतर मी बाळूदादाला शोधून काढलं. अवघड गेलं नाही. कराडपासून फार लांब नाही त्याचं गाव. आता साठीचा आहे. नंतर त्याने तीस वर्षं स्वतः ट्रक चालवला. ओसरीवर बसला होता. उजव्या हातावरची कातडी अजून वेगळी, चकचकीत आहे. मी थर्मोस्टॅट बरोबर नेला होता. दोन दारं, आडवाट, मेण, सगळं सांगायला लागलो. त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते मला ठावं हाय. पुढं मी पण गाडीच चालवली की. दोन दाराचा वॉल काढला की घाटात गाडी तापती."

मी गप्प झालो. मग त्यानेच विचारलं, "तुम्ही डबा आणला होता. आठवतंय?"

"आठवतंय. दोन आणले. दुसरा अर्धा सांडला. माझ्या चपलेवर."

तो उठला, आत गेला आणि सुनेला आणि नातवाला बाहेर बोलावून आणलं. बायको दळण घेऊन येत होती, तिलाही थांबवलं. म्हणाला, "आता पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. खोपोलीला पाणी भरलं होतं. मी पाहिलं होतं. विचारलं तेव्हा बोललो नाही. कुणी काही म्हणालं नाही. सुनेने चहा ठेवला.

घरातली बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. मामींनाही कुणीतरी वाचून दाखवेल. त्यांना वाईट वाटेल, त्याची आधीच माफी मागतो. पण पुढच्या वेळी कुणी गॅस बंद करायला विसरलं तर दुसरा शब्द शोधा. आणि अगदी कुणाचं नाव वापरायचंच असेल तर माझं वापरा. बघून गप्प बसणाऱ्या माणसासाठी.

थर्मोस्टॅट बाळूदादाने ठेवून घेतला. नातवाला पातेल्यात उघडून दाखवतो म्हणाला.